डोक्याचं माप

आमच्या दुकानात माणसं पायानं यायची.
कागदावर पाऊल ठेवायचं, बाबा पेन्सिल फिरवायचे,
अंगठ्याजवळ नाव आणि न्यायचा वार.
तोंड बघायची गरजच पडायची नाही.

रणवऱ्यांचा उदाजी आला लढाईतनं, रजेवर.
पायाचं काही बोलला नाही.
पिशवीतनं काढली चामड्याची टोपी:
कानांवर दोन वाट्या, आत रेडिओच्या तारा,
हनुवटीचा पट्टा तुटलेला,
सगळीला घामाचा आणि पेट्रोलचा वास.
"रावबा, स्टोअरातनं नवी मिळायला महिना लागंल.
मला सोमवारी निघायचंय."

बाबांनी टोपी उलटी करून चाचपली.
"विलायती मेंढी. मऊ हाय.
पट्ट्याला आपली म्हस चालंल?"
"म्हशीवरच वाढलोय की."

मग माप.
पाय ठेवायच्या पाटावर तो बसला, मान खाली घालून.
तालमीकडं निघालेले चौघे दारात थबकले.
बाबांनी दोरा धरला लांबनंच,
तापल्या तव्याभोवती धरावा तसा.
"घट्ट धरा की. वर सुटली तर कोण धरणार?"
तेव्हा लागली बाबांची बोटं
त्याच्या हनुवटीला,
हिरड्यानं काळी पडलेली.
चौघांतला एक खाकरला आणि निघून गेला.

पट्टा मी विणला. तीन पदरी वेणी,
कापशीला घालतो तसली.
"डाव्या कानाशी एक विंचू घाल," तो हसत म्हणाला,
"इंजिनाच्या घरघरीत कोल्हापूर चालताना ऐकू येऊ दे."
बाबा नको नको म्हणत होते.
मी घातला.

भाद्रपदात ब्रह्मदेशातनं ट्रंक आली त्याच्या घरी.
तीत दुसरीच टोपी, निळसर, घडीची,
पितळी पाखरू, पाखरावर मुगुट,
आतली पट्टी कोरी, घामाचा डागही नाही.
हार तिला घातला.
आमची त्याच्याबरोबर राहिली.

दोरा खिळ्याला होता, मापाच्या गाठीसकट.
बाबांनी तो कधी सुईत ओवला नाही.
उंदरानं कुरतडला तेव्हा
दिवसभर काही बोलले नाहीत.

मला सलतंय ते वेगळंच.
चामडं भिजलं की विंचू मुका होतो.
गिऱ्हाइकाला आम्ही हे आवर्जून सांगतो,
पैसे घ्यायच्या आधी.
त्याला सांगायचं राहिलं.
आणि तिकडं म्हणे
पाऊस पाच-पाच महिने हलत नाही.