क्लीनरची साईड

तेराव्या वर्षी निपाणीत गाडीवर चढलो
तेव्हा मला कन्नड येत नव्हतं.
बसलिंगअण्णांना मराठी कळायचं, खरं बोलताना ते
एकेक शब्द उचलून ठेवायचे
तंबाखूच्या ओल्या बोदासारखा.
मग आमचं सगळं एकाच शब्दावर चालायचं.

साईड.

तवंदीच्या घाटात मागून एसटी कोकलत आली
की मी खिडकीतून हात काढून पंजा हलवायचो :
दिली साईड, जा बाबा.
संकेश्वरच्या बाजारात ऊस भरलेला ट्रॅक्टर आडवा,
अण्णा मान बाहेर काढून : सैड बिडप्पा, सैड!
टायर बसला, साईडला घे.
पोलिसानं शिट्टी मारली, साईडला घे.
तो आवाज वेगळा, त्यात वीस रुपये असायचे.
ढाब्यावरचा पोऱ्या विचारायचा, साईडला काय?
कांदा, म्हणायचो.
कांदा फुकट होता.

कॅसेटची एक साईड कन्नड, एक मराठी.
घाट चढताना त्यांची, उतरताना माझी.
उलटायचे मात्र अण्णाच, न विचारता.

आमच्या गल्लीतले शिप्पूरकर मास्तर एकदा केबिनमध्ये बसले.
साईड काय साईड, म्हणाले, बाजू म्हण की,
आपल्याला शब्द नाहीत काय?
म्हणून बघितलं अकोळ क्रॉसला :
ओ, बाजू सोडा!
म्हैससुद्धा हलली नाही.

बंदच्या दिवसांत नंबरप्लेट बघून काचा फुटायच्या.
आमची फुटली ती माझ्या साईडची.
कुणी फोडली, कळलं नाही.
दगडावर काही लिहिलेलं नव्हतं.
अण्णांनी पोतं लावलं खिडकीला,
आणि कोल्हापूर येईपर्यंत
मला मधे, गिअरजवळ बसवलं.

पुढं मुलगी बघायला गेलो,
तिच्या मामानं विचारलं, पावणं, कुठल्या साईडचे?
निपाणी, म्हटलं.
ते कळलं हो. खरं कुठल्या साईडचे?
मी चहाच्या बशीत बघत राहिलो.
शेजारी धुवट टोपी घालून बसलेले अण्णा म्हणाले :
लेफ्ट. क्लीनर.
सगळी हसली. लग्न झालं.

मार्चमध्ये अण्णांना झटका आला.
बेळगावची डॉक्टरीण फोटो उजेडाला धरून म्हणाली,
राईट साईड गेली.
राईट. म्हणजे स्टेअरिंगची.
वाचाही गेली. कन्नड गेलं,
वेचून ठेवलेलं तेवढं मराठी गेलं,
शिव्या गेल्या,
त्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं.
राहिला एकच शब्द.
तहान लागली तरी तोच, पंखा पाहिजे तरी तोच.
सुनेला, गौरव्वाला, उमगत नाही.
फोन करते : काका, या की,
काय म्हणूलालेत बघा.

मी गाडी काढतो, दोनचाकी.
हुक्केरी रोडला बाया ओरडतात, ओ, साईड स्टँड!
पायानं वर घेतो, हात दाखवतो.
आयुष्यभर ह्या शब्दानं
अनोळखी माणसांनी माझी एवढी काळजी घेतली.

अण्णांच्या डाव्या अंगाला बसतो.
डावं अंग चांगलं आहे, गरम आहे.
तेवढी माझी साईड शाबूत.
सैड, म्हणतात.
मी ऐकतो. हा घाटातला नाही.
बाजारातला नाही. पोलिसाचाही नाही.
पाठीखाली हात घालतो.
बरली, म्हणतो, बरली, बरली,
इकडं लई जागा आहे, बरली... साक्.
कुशीवर येतात. पाठ लाल,
चादरीच्या घड्या उमटलेल्या.
गौरव्वा पावडर लावते
आणि म्हणते, एवढंच होतं होय?

दुपारी झोपलेत असं वाटलं.
खरं डावा हात पांघरुणातून निघाला,
पलंगाच्या कडेवरून बाहेर गेला
आणि पंजा हलला. सावकाश, दोनदा.

मी मागं वळून बघितलं.
दार उघडं. कुणी नाही.
तरी खुर्ची उचलून
जरा साईडला घेतली.