कोणत्याच देवाला नाही

हस्ताचे शेवटचे दिवस, आभाळाचं काही खरं नाही.
सकाळी धुई, दुपारी टाळू तापवणारं ऊन,
चारला गडगडाट, पाचला अंगण कोरडं,
जणू आपणच खोटं बोलत होतो.
अशात माझी नणंद द्वारका म्हणते,
वहिनी, तीन दिवस पायी चला.
कन्नडहून गौताळ्याच्या रानातून, अंतूरच्या किल्ल्यावर.
कामून, मी विचारलं.
चालाय, म्हणाली.

तिचं किराणा दुकान. ती सगळं तोलते.
माझं सुती पातळ तिनं आधी कोरडं काट्यावर ठेवलं,
मग बादलीत बुचकळून, पिळून, पुन्हा.
चारशे ऐंशीचं किलोच्या वर गेलं.
हे पायाला गुंडाळून चढणार का तुम्ही?
मी गप्प.
वाळायला किती वेळ, तेही ती घड्याळ लावून बघणार होती,
तेवढ्यात पुन्हा सर आली.

मग ट्रंकेतून गजेंद्रची पँट निघाली,
पॉलिटेक्निकच्या गणवेशातली, राखाडी,
फटकारली की पाणी झटकून मोकळी.
कमरेत नाडी ओवली. दार लावून घातली.
पंचावन्नाव्या वर्षी मला खिसे मिळाले,
दोन पुढं, एक मागं,
आणि त्यांत काय ठेवायचं ते सुचेना.

बूट नवे. नवे बूट रानात फाडून खातात,
म्हणून आठ दिवस घरात घातले.
बुटांत उभी राहून भाकरी थापली,
देवघरापुढं काढले, पुढं जाऊन पुन्हा घातले.
गजेंद्र फोनवर हसला. हसू दे.

ज्वारीच्या कडक भाकरी, येसराची पुडी, गूळ-शेंगदाणे.
मोजे दोन जोड; तिसरा द्वारकानं काढून ठेवला,
मी परत कोंबला, तिनं पाहिलं, बोलली नाही.
स्वेटरवरून मात्र भांडलो.
साडेतीनशे ग्रॅम, आणि ऑक्टोबरात स्वेटर?
घेतला.
रेनकोट नाही, तो आतून घामानं भिजवतो.
खताचं रिकामं पोतं, दोनदा धुतलेलं,
कोपऱ्यात कोपरा खुपसून केलेली खोळ:
डोकं, पाठ, पिशवी झाकते आणि पुढून वारं येऊ देते.

दुसऱ्या दिवशी एका वस्तीवर पाणी मागितलं.
बाई माझ्या पँटीकडं बघत राहिली.
कोणत्या देवाला?
कोणत्याच नाही.
नवस?
नाही.
नात्यात कुणाचं काही?
नाही हो, चालतोय नुसतं.
तिनं पदराला हात पुसले.
देवाला निघालेल्याला देव बघतो, म्हणाली,
तुम्हाला कोण बघणार?
आणि आतून चार सीताफळं आणून दिली,
डोळे पांढरे झालेली, संध्याकाळी पिकणारी.

अंतूरच्या दरवाजात पोचलो आणि आभाळ फाटलं.
माझी खोळ मघाशीच चढावर वाऱ्यानं दरीत नेली होती.
एकच पोतं, दोघी खाली.
तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला,
लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पहिल्यांदाच असेल.
तिला हुडहुडी भरली.
मी पिशवीतून स्वेटर काढला. तिनं घातला.
वजनाबद्दल अवाक्षर नाही.

सीताफळं खाल्ली. बिया कुठं टाकाव्या
कळेना, त्या दगडावर थुंकवेना.
तेव्हा खिसे आठवले.

घरी आले तेव्हा ऊन होतं, खणखणीत.
नळाखाली बूट धरणार तोच द्वारका ओरडली, थांबा.
दुकानातनं काटा आणला.
बूट ठेवले काळ्या चिखलासकट,
मग चिखल खरवडून परत.
दोनशे दहा ग्रॅम.
उधारीच्या वहीत लिहून घेतलं तिनं,
माझ्या नावावर.