दूध फाटलं

अर्ज हिंदीत लिहिला होता.
इलाज नव्हता. आमच्या भागात कुठला चॅनल दिसेल
हे सिलावट ठरवायचा,
रामबागेत एका जिन्याखाली, कूलरच्या खोक्यावर बसून.
'महोदय, सविनय निवेदन है' पासून
'हमारी भाषा का अस्तित्व' पर्यंत
मुळ्येकाकांनी अक्षर न अक्षर घोटलं.
त्यांचा नातू झोपेत हिंदीत बडबडला होता,
त्याच रात्री बैठक बोलावली होती त्यांनी.

खाली एकशे बारा सह्या.
लिपी तर एकच, सिलावट भराभर वाचत गेला,
मग नवाळे आले, पळशीकर आले, आणि अडखळला.
ळ वर बोट ठेवून म्हणाला, 'ये जलेबी क्या है?'
त्याची आई माळवी बोलायची,
दिवसातून शंभरदा तोंडात तेच अक्षर.
कागदावर कुणी दाखवलं नव्हतं त्याला.

मी तेव्हा त्याच्याच पगारावर.
कमरेला पिलास, खांद्यावर काळ्या वायरचं भेंडोळं.
दिवाळीच्या आधी चोवीस नंबरवर मराठी लागलं,
अर्धं चित्र, अर्ध्या मुंग्या,
आणि पूर्ण गल्ली टाळ्या वाजवून राहिली होती.
मी खांबावर.
वाटलं, कुंपण घातलं.

शाल्मली नऊ वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट.
सकाळी मी ओट्याशी म्हटलं, अरे, दूध फाटलं.
ती म्हणाली, 'बाबा, फाटतं ते कापड.
दूध नासतं.'
कुणी सांगितलं?
तिनं टीव्हीकडे बोट केलं.

मग एकेक जात राहिलं.
नळ यायचा, आता पाणी येतं.
भूक लागून यायची, आता नुसती लागते.
मी जेवून राहिलो असायचो,
मला जेवतोय करून टाकलं.
हिंदी अडवायला ओढलेली वायर,
माझ्याच हातची, माझ्याच गाठी,
तिच्यातून बाई आल्या, नीट साडीतल्या,
आणि आमचंच घर झाडून गेल्या.
पुण्याला एका मुंजीत कुणी म्हणालं,
'तुमचं मराठी किती गोड!'
गोड म्हणजे काय, ते आम्हाला कळतं.

यावर अर्ज कुणाला करायचा?
शुद्ध मराठीत लिहिला तर तक्रारच संपते.
आमच्या मराठीत लिहिला
तर पहिल्याच ओळीला लाल शाई.
मुळ्येकाका असते तर बैठक बोलावली असती.
त्यांचा नातू कॅनडात आहे,
झोपेत काय बोलतो कोण जाणे.

सिलावटचा धंदा बुडाला, डिश आल्या, मग फोन आले.
आता सकाळी चहाला येतो, गुडघे धरत.
आज पातेलं ठेवलं आणि डोळ्यांदेखत गुठळ्या.
'फट गया,' तो म्हणाला.
फाटलं, मी म्हटलं, मोठ्यानं,
घरात दुरुस्त करायला कुणी नव्हतं म्हणून असेल.
आणि पहिल्यांदाच वाटलं की
नासलेलं मोरीत ओतायचं असतं,
फाटलेल्याचं काहीतरी करता येतं.
त्यानं फडकं मागितलं.
मी धरलं, त्यानं ओतलं,
पाणी निथळेपर्यंत दोघं गप्प.

मी विचारलं, तुझी आई काय म्हणायची याला?
तो फडक्याकडे बघत राहिला.
बोटं मोडली. दाराबाहेर पाहिलं,
जिथं खांबावर अजून माझी एक वायर लोंबते,
कशाला न जोडलेली.
'याद नी आवे,' तो म्हणाला,
आणि ते माळवीत म्हणाला
हे त्याच्या लक्षात आलं नाही.

मी काही बोललो नाही.
साखरेचा डबा काढला.