पिल्लू नेतं तर ने, उकंडा

ने. पण आधी बस. चहा होऊ दे.
कुत्रं म्हणून नेशीन तर पस्तावशीन.
हाक मारली का शेपूट हालवत धावीन,
तसं नाही याचं.
ये म्हटलं तर पाह्यते तुह्याकडं, इचार करते,
मंग आपल्या मनानं, धुऱ्याधुऱ्यानं येते.
अडाणी म्हणू नोको त्याले.
रातच्याले तू घोरत असतं तवा
काय करा, काय नाही, हे त्यालेच ठरवा लागते.

दोन वर्षं तर लेकरूच राह्यते.
अंगानं कालवडीएवढं, अक्कल दुधाच्या दाताची.
खेळता खेळता कोकराचा कान फाडीन.
मारू नोको. एखादी म्हातारी बकरी ठेवजो संगं,
टक्कर देणारी. ती शिकवते.

दिवसा निंबाखाली मेल्यावानी पडून राहीन.
लोकं म्हणतीन आळशी. म्हणू दे.
बारा वाजल्यावर ये पाह्याले.
वाऱ्याच्या तोंडाले उभं राह्यते,
जंगलाकडून काय आलं ते नाकानं समजून घेते
अन् भुकते. भुकणं म्हंजे लढाई नाही,
इथं मी हावो, एवढंच सांगते बिबट्याले.
बिबट्यालेही रोजचं भांडण कुठं परवडते?

एका टायमाले पोटभर देऊ नोको.
दोनदा दे. खाल्ल्यावर पळवू नोको.
याच्या बापाचं पोट फुगलं होतं तान्ह्या पोळ्याले,
डफड्यावानी. ओकाऱ्या यायच्या, पडत काही नव्हतं.
आर्वीवरून खंडाते डॉक्टर निघाले
तवाच तो गेला होता.
उन्हाळ्यात केस कापू नोको, तेच त्याचं छप्पर.
गोचीड पाह्यजो, बोटाच्या फटीतही.

अन् मागचे पाय.
लपवत नाही तुह्यापासून. ते पाह्य, त्याची माय. भुरी.
खुब्याची वाटी ढिली, जल्माचीच.
त्यात मी दुधावर पोसली तिले, लाडानं,
लवकर मोठी व्हावी म्हणून.
ते चुकलं.

नऊ वर्षं वाड्याभोवती फिरली.
गवतात गोल वाट पडली तिची, अजून दिसते.
आता उठवत नाही.
तर आम्ही वाडाच हलवला.
जिथं ती पडते तिथं तिच्याभोवती खुंटे ठोकले.
रातच्याले मान वर करते, भुकते,
अन् दूर गेलेली बकरी
तिच्या आवाजानं वापस येते.

चहा घे, थंडा झाला.
पैसे राहू दे.
अंधार पडल्यावर नेतं म्हणतं? मायले दिसणार नाही म्हणून?
नोको.
दिवसाच ने.
रातच्याले ती मोजते.