येथे औषध मिळत नाही

रास्ता पेठेत, बाइंडरच्या दुकानावर, एकोणीस पायऱ्या.
तेराव्या पायरीशी पाटी:
'हा दवाखाना नव्हे. येथे औषध मिळत नाही.
खात्री करून घेण्यासाठी वर येऊ नये.'
तरी लोक वर यायचेच.
खालच्या फलकावर 'आरोग्य' तेवढं ठळक;
'धोरण' सायकलींच्या हँडलांनी
कधीच खरवडून नेलं होतं.

मी तिथं चौतीस वर्षं टंकलेखन केलं.
पहिलं मशीन मराठी, जुनं, त्याचा 'ळ' उडायचा.
म्हणून आमच्या सुरुवातीच्या अहवालांत
बाळं आणि बाळंतिणी
ओळीच्या जरा वर तरंगतात.

न्यास नोंदवायला गेलो तेव्हा
धर्मादाय कचेरीतल्या कारकुनानं विचारलं,
वाटप काय करता? चष्मे? वह्या? खिचडी?
डॉक्टर बिलिमोरिया त्यांच्या कॅम्पातल्या मराठीत म्हणाले,
"आपण मोजतो नी, भाऊ."
"काय मोजता?"
"कोण मेला, ने कशाला मेला."
कारकुनानं नियमावली पुढून मागून चाळली.
मोजणं धर्मात बसतं की नाही
हे त्यात कुठंच नव्हतं.
शेवटी त्यानं आम्हाला 'इतर' या रकान्यात बसवलं.
अजून तिथंच आहोत.

वसुधाताई आगटे आकडे लावायच्या,
रघू सकट एसटीनं फॉर्म घेऊन फिरायचा.
वेल्ह्याहून आला एकदा, फॉर्मवर चिखलाचा अंगठा:
बबी ढेबे, वय नऊ. उजवा पाय. साप ओळखला नाही.
केंद्रात पोचली का? पोचली.
लस होती का? होती.
मग?
फ्रिजला कुलूप. किल्ली भांडारपालाकडे.
भांडारपाल भोरला, मेव्हण्याच्या हळदीला.

ताईंनी नाव खोडलं, वर लिहिलं 'प्रकरण १७'.
शिस्तच होती तशी.
मी टाइप केलं. 'किल्ली' सरळ उमटली.
'वेळेवर' मात्र उडाला.

मंत्रालयात उपसचिवांनी अहवाल उलटून पाहिला.
"याला खर्च किती येईल?"
"किल्लीची दुसरी किल्ली," ताई म्हणाल्या,
"तुळशीबागेत दोन रुपये."
ते गंभीर झाले.
"दोन रुपयांना लेखाशीर्ष कुठलं लावणार?"

मग अकरा वर्षं.
बिलिमोरिया गेले. मशीन गेलं, कॉम्प्युटर आला,
त्यावर 'ळ' निमूट बसू लागला.
देणगीदारांचे चहा झाले; एकानं सुचवलं,
त्यापेक्षा एखादी रुग्णवाहिका घ्या,
तिच्यावर नाव तरी घालता येतं.

आणि एका शासन निर्णयात, पान सहा, परिशिष्ट ब:
'शीतपेटीची किल्ली कर्तव्यावरील परिचारिकेकडे राहील.'
आमचा उल्लेख नाही. सतराचा तर नाहीच.
रघूनं पेढे आणले, चितळ्यांकडे रांग लावून.
ताईंनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा पुसला.
"'राहील' नव्हतं लिहिलं आपण.
'राहिलीच पाहिजे' होतं," म्हणाल्या,
आणि पेढा न खाता पुढचा गठ्ठा ओढला.

परवा एक माणूस चढून आला.
पाटी वाचता येत नसेल,
किंवा वाचूनच आला असेल, पुण्यात काय सांगावं.
हातात ससूनचा कागद, घडीवर फाटलेला.
"इथं आरोग्याचं बघतात म्हणं."
मी स्टूल दिलं. पाणी दिलं.
डाव्या खणात बिलिमोरियांचा स्टेथोस्कोप आहे,
रबर चिकट झालेलं. तो खण मी उघडला नाही.
उजवा उघडला, फॉर्म काढला.
"नाव?"
"बाई, लिवू नका आधी," तो म्हणाला, "ऐका."

पेन खाली ठेवला.
तळमजल्यावर बाइंडर कागद कापत होता,
एकेक गठ्ठा, सावकाश.