दुधाचा आठवडा

चोडणच्या फेरीत मांडीवर पंप,
पिशवीत बाटली, बाटलीत संजीवक:
दहा लिटर पाण्याला मिठाच्या खड्याहूनही कमी.
शेजारी बांगड्यांची पाटी. मला कुणी काही विचारलं नाही.

खाजनात कोरगुट निसवून गेलेला.
दाणा चिमटीत दाबला की दूध येतं,
किंचित गोड, नखात राहणारं.
हाच आठवडा.
आधी फवारलं तर नुसतं ताट वाढतं,
उशीर केला तर दाणा ऐकत नाही,
पोटात खडूचा ठिपका घेऊन कडक होतो
आणि गिरणीत त्याचे दोन तुकडे.

सेवरिनमाय बांधावर, मानशीच्या फळ्या तपासत.
"ह्या वाफ्यात काय मारलंस?"
"औषध."
"आणि त्यात?"
"पाणी."
"पाणी मारायला पंप कशाला?"
तुलनेसाठी, म्हटलं. दोघे सारखेच भिजायला हवेत.
"म्हणजे त्याला खोटं सांगितलंस."

ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं, तक्त्यासकट.
पण तेवढ्यात कुर्ता पुढून ओला झाला.
पंप गळत नव्हता.
साडेचार महिन्यांची माझी, रायबंदरच्या काठावर,
अकराच्या वेळेला जागी झाली असणार.
सेवरिनमायने खांद्यावरचा टॉवेल काढून दिला,
वाफ्यांकडे हात केला:
"जा तू. हे आपलं भरतात."

नोव्हेंबरात काचेवर आडवे कापलेले दाणे,
आयोडीनचा थेंब, आणि तो निळा
ज्याला वहीत मी दर वेळी वेगळं नाव देते.
औषधाच्या वाफ्यात पांढरपोटे शंभरात नऊ,
पाण्याच्या वाफ्यात एकवीस.
तीनदा मोजले.

उरलेला तांदूळ तिला नेऊन दिला,
दोन पुड्या, वर काहीच न लिहिता.
पुढच्या खेपेला तिने दोन्ही समोर ठेवल्या.
"ही सान्नांना, दाणा दम धरतो.
ही पेजेला. लवकर विरघळते, आजाऱ्याला बरी.
तुझी औषधाची पहिली, नव्हे?"
नव्हे म्हणायला जागा नव्हती.

"बाटली केवढ्याला?"
सांगितलं.
ती खाजनाकडे बघत बोटांची पेरं मोजू लागली,
मीठ किती चढलं, मजूर किती, सान्ना किती, पेज किती.
"अर्ध्याला मारूया," म्हणाली.
"उरलेल्याला पाणी.
पण सांगून मार."

फेरीला सात मिनिटं होती.
मी निघाले तेव्हा
तिचा अंगठा अजून करंगळीवरच होता.