मूळ प्रत

डाव्या गुडघ्यात आता धातूचा सांधा आहे.
डॉक्टर म्हणाले, क्लच विसरा.
पण मुरगूड, गारगोटी, गडहिंग्लज, आजरा,
सोळा पतसंस्था वाट बघतात,
म्हणजे बघत नाहीत. ऑडिटरची वाट कोण बघतं?

वर्षाला तीस हजार किलोमीटर.
पेट्रोल, ऑटोमॅटिक, जुनी चालेल.
उद्यमनगरातून दिलावर शिकलगारला सोबत घेतलं.
"इंजिन गार असतानाच बघायची, मॅडम.
आधीच तापवून ठेवली असंल,
तर पाणी बी न पिता परत यायचं."

पहिली शिरोलीची, पांढरी.
सीटला प्लास्टिक, आरशाला लिंबू-मिरची,
मीटरवर अडतीस हजार.
दिलावरनं वाकून ब्रेकच्या पेडलवर अंगठा फिरवला :
रबर पार गुळगुळीत.
"एवढ्यात एवढं? पाय हाय का कानस?"
मला तो आकडा आधीच खटकला होता.
बत्तीस वर्षं बघतेय असे आकडे,
नुकतीच आंघोळ करून आलेले.

दुसरी रुईकर कॉलनीत. राखाडी.
एक लाख सतरा हजार चारशे नऊ.
दाराचा ओरखडा जिनगोंडा मगदूमांनी स्वतःच आधी दाखवला.
दिलावरनं गिअरबॉक्सच्या ऑइलची काडी हुंगली,
डीमध्ये टाकून ब्रेक सोडला.
झोपलेलं पोर न जागवता उचलावं
तशी गाडी हलली.

मग वही आली. निळी शाई, खाडाखोड नाही.
सवयीनं बेरजा तपासत गेले.
सोमवार मिरज. गुरुवार मिरज. सोमवार मिरज.
अडीच वर्षं. लिटरला पंधराच्या खाली कधीच नाही.
"मागं झोपायची ती. म्हणून सावकाश."
मी काही विचारलं नव्हतं.
एका गुरुवारी नुसतंच मिरज,
किलोमीटरचा रकाना रिकामा.
पुढं महिन्याला एकच ओळ :
बॅटरीसाठी चालू केली. दहा मिनिटं.

दिलावर बाहेर जाऊन टायर बघत बसला,
जे त्यानं मघाशीच बघितले होते.

किमतीवर घासाघीस झाली. थोडी.
वही मागितली, तर म्हणाले,
"झेरॉक्स देतो. मूळ राहू दे."

झेरॉक्सवर मी कधी सही केलेली नाही.
चेअरमन चहा पाजो, मॅनेजर रडो,
मूळ प्रत दाखवा.
त्या दिवशी ऐंशी पानं मुकाट घेतली,
कोपऱ्यावरच्या दुकानातनं आलेली, अजून कोमट.

कावळा नाक्याच्या सिग्नलला
डावा पाय क्लच शोधत राहिला.
सवय होईल, असं दिलावर म्हणतो.